जहाल प्रचार (मराठवाडा)

भीती, मान-अपमान आणि पोटापाण्याचा प्रश्न धरून एका गटाला दुसऱ्याच्या अंगावर घालणारा प्रचार. मराठवाड्यात याचं ठळक उदाहरण म्हणजे निजामी राजवटीतले रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणारं सशस्त्र स्वयंसेवक दल.

रझाकार दल कोणी काढलं यावर एकमत नाही. काहीजण १९३८ च्या आसपास इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचे नेते बहादूर यार जंग यांच्याकडे श्रेय देतात, काहीजण १९४० धरतात, काही थेट कासीम रझवीचं नाव घेतात. पटण्यासारखं एवढंच की स्वयंसेवकांची कल्पना जुनी, पण दल आक्रमक झालं ते १९४६ नंतर, लातूरला वकिली केलेला रझवी इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाल्यावर. 'अनल मलिक' म्हणजे मीच राजा, ही घोषणा मात्र बहुधा यार जंगांच्या काळातली. हैदराबाद संस्थानात मुसलमान साधारण बारा-तेरा टक्के, त्यात गोरगरीब भरपूर, आणि घोषणा त्या प्रत्येकाला सांगायची की गादीत तुझाही वाटा आहे, निजाम गेला की तो गेला. म्हणजे आधी माणसाला मोठं करायचं, मग त्याला घाबरवायचं, शत्रू दाखवायचा तो सगळ्यात शेवटी.

याला आतून विरोध झाला, हे आपल्याकडे फार सांगितलं जात नाही. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहायचे, ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. पुढे १३ ते १७ सप्टेंबरची पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय सैन्याची कारवाई झाली, आणि मग उलट दिशेने, मुसलमानांवर सूड. याची पाहणी करायला भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड धरले. रझाकारांच्या अत्याचाराच्या खऱ्या गोष्टीच तेव्हा अख्ख्या समाजावर लावल्या गेल्या.

अशा प्रचाराच्या प्रतिकाराच्या अभ्यासात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांचं १९६० च्या दशकातलं 'लसीकरण' तत्त्व आजही वापरात आहे: प्रचाराची युक्ती थोडक्यात आधीच दाखवून तिचं उत्तर दिलं, की खरा मेसेज आल्यावर माणूस लवकर फसत नाही. आता हे काम व्हॉट्सॲपवर करावं लागतं. क्लिपवर डबल बाण, म्हणजे पुष्कळदा फॉरवर्ड झाल्याची खूण, ना तारीख ना गावाचं नाव, खाली 'आपल्या नांदेडचं आहे, जागे व्हा', आणि चौकशी केली तर व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला, तोही जुना. असं पाठवणाऱ्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापलं की तो हट्टाला पेटतो, त्यापेक्षा त्याच्याच भावकीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या कोणी पर्सनलवर 'अरे, हे कुठलं आहे बघितलंस का' एवढं विचारलेलं बरं पडतं.