पाण्याखाली दम धरणारा भात
भात म्हणजे पाण्यातलं पीक, मग तो पुरात मरतो कसा, असं मला अनेकदा विचारलं जातं. खाचरात घोटाभर पाणी असतं तेव्हा मुळं बुडालेली असली तरी पानं हवेत असतात. तिथली हवा खोडातल्या पोकळ्यांतून मुळांपर्यंत पोचते. पाणी शेंड्यावरून गेलं की ही वाटच बंद होते.

पण रोप नुसतं गुदमरून मरत नाही, आणि मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच. प्रत्येक रोप थोडाथोडा इथिलिन तयार करत असतं. फळं पिकवणारा वायू तो हाच. एरवी तो हवेत निघून जातो. पाण्यात मात्र वायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, म्हणून इथिलिन पेशींतच कोंडतो. ही कोंडी म्हणजेच रोपाला मिळालेली पुराची वर्दी. मग जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक जोर धरतं आणि शेंडा बाहेर काढण्यासाठी रोप भराभर उंच होऊ लागतं. त्यासाठी साठवलेला स्टार्च जळतो, आणि गढूळ पाण्यात नवा फारसा बनत नाही. पूर रेंगाळला तर पुंजी संपते. पाणी उतरतं तेव्हा लांबट, किडकिडीत झालेलं रोप चिखलात आडवं होतं.

ओडिशातलं एफआर१३ए हे जुनं वाण असं करत नाही. त्याच्या नवव्या गुणसूत्रावर सब१ए नावाचं जनुक आहे. तेही इथिलिननेच जागं होतं, पण निरोप उलटा देतं: थांब. ते एसएलआर१ आणि एसएलआरएल१ ही प्रथिनं वाढवतं, आणि ही प्रथिनं जिबरेलिनचा हुकूम दाबून धरतात. वाढ थांबते, स्टार्च शिल्लक राहतो. दोन आठवड्यांनी पाणी ओसरलं की चिखलाने माखलेल्या बुंध्यातून नवं पान डोकं काढतं. याच जनुकाच्या घराण्यातली स्नॉर्केल जनुकं खोल पाण्यातल्या भाताला मात्र त्याच वायूच्या इशाऱ्यावर उंच व्हायला लावतात. पाणी महिनोन्‌महिने राहणार असेल तर उंच होण्यातच शहाणपण आहे.

एफआर१३एचा हा गुण १९७०च्या दशकापासून ठाऊक होता. केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ मध्ये गुणसूत्रावरची त्याची जागा दाखवली, जनुक २००६ मध्ये सापडलं आणि ते जनुक स्वर्णा या भाताच्या वाणात आणून तयार केलेलं स्वर्णा-सब१ हे वाण भारतात २००९ मध्ये आलं. इतका काळ थांबणं खासगी कंपनीला परवडत नाही. शिवाय भात स्वपरागी आहे, शेतकरी पुढच्या वर्षी घरचंच बियाणं पेरू शकतो. म्हणून हे काम फिलिपीन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि भारतातली सरकारी केंद्रं यांनी मुख्यतः सार्वजनिक पैशावर केलं.

'जनुक' म्हटलं की अनेकांना परक्या जीवाचा अंश आणि विष आठवतं. इथे तसं काहीच नाही. स्वर्णाचा या जनुकाच्या वाणाशी संकर केला, मग संतती पुन्हापुन्हा स्वर्णाशीच जुळवली. दर खेपेला दुसऱ्या वाणाचा वाटा सरासरी निम्म्यावर येतो: ५०, २५, १२.५ टक्के. जनुक कुठल्या रोपात उतरलं ते पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून कळतं, पुराची वाट पाहावी लागत नाही. चमत्कारी बियाणं म्हणून याचा गाजावाजा करणंही चूकच. पूर फारच लांबला तर हे वाणही मरतं.

डीएनएवरून आधीच निवड करण्याची ही युक्ती गुरांतही चालते. वळू चांगला की नाही हे कळायला पूर्वी त्याच्या मुली वयात येऊन दूध देईपर्यंत थांबावं लागे, म्हणजे पाचेक वर्षं. मोइविसेन, हेज आणि गोडार्ड यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीने आता वासराच्या डीएनएवरूनच अंदाज बांधता येतो. पण त्या गणितामागे हजारो जनावरांच्या डीएनएबरोबर त्यांच्या दुधाच्या नोंदी लागतात, वर्षानुवर्षं न चुकता ठेवलेल्या. एखाद्या वर्षी निधी आटला तर त्या वर्षीच्या नोंदी पुढे कितीही पैसा ओतून मिळत नाहीत. ते दूध कुणी मोजलेलंच नसतं.