टोळीचा पगार मुकादमाच्या खात्यात नको
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार.

पगारपत्रक, पीएफ-ईएसआय आणि कामगार कायद्याचं काम ज्यांनी आमच्याकडे सोपवलं आहे, अशा द्राक्ष निर्यातदार, पॅकहाऊसचालक, नाशिकच्या सातपूर-अंबडचे कारखानदार आणि बांधकाम व्यावसायिकांसाठी हे पत्रक आहे. माल तोडणीला आला की दर हंगामात आम्हाला तेच फोन येतात. "इंग्लंडच्या खरेदीदाराने फॉर्म पाठवलाय, आधुनिक गुलामगिरीबद्दल काहीतरी आहे, सही-शिक्का मारून द्या." आम्ही कागद मागितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एवढ्याशा फॉर्मला तुम्हाला पंधरा दिवस का लागतात?"

हे पंधरा दिवस जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच कारणाने जातात. ते कारण तुम्ही हंगामाच्या सुरुवातीलाच दूर केलंत, तर फॉर्म दोन दिवसांत होतो.

फॉर्म येतो कुठून

ब्रिटनमध्ये २०१५ साली मॉडर्न स्लेव्हरी ॲक्ट झाला. वर्षाला ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना दर वर्षी लेखी निवेदन द्यावं लागतं: आपल्या धंद्यात आणि आपल्याला माल पुरवणाऱ्यांकडे कोणी सक्तीने राबत नाही ना, हे पाहण्यासाठी आपण काय केलं? ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असाच कायदा केला. तुमची उलाढाल तेवढी नसेल, पण तुमची द्राक्षं ज्या सुपरमार्केटमध्ये जातात त्यांची असते, आणि ते निवेदन लिहायला त्यांना पिंपळगावच्या पॅकहाऊसमधली माहिती लागते. युरोप याहून पुढे गेला आहे. सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल युरोपीय संघात विकायला बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये मंजूर झाला असून तो १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. रॉटरडॅमला कंटेनर पाठवणाऱ्यांनी ही तारीख आत्ताच डायरीत लिहून ठेवावी.

खरं तर परदेशाकडे बघायचीही गरज नाही. आपल्या संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ज्या कर्जापोटी माणसाला अडकवून ठेवलं ते कर्जच रद्द होतं. ते कर्ज वेठबिगारीचं नव्हतं, हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते, मजुरावर नाही. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे. त्यामुळे "आमच्याकडे कोणाला कोंडून ठेवलेलं नाही" एवढं उत्तर पुरत नाही.

आणि हे आपल्यापासून लांबचं नाही. इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी कुटुंबांची मुलं थोड्याशा पैशांच्या बदल्यात मेंढ्या वळायला ठेवली होती, हे २०२२ मध्ये उघड झालं. तेही एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. नाशिक शहरापासून तासा-दीड तासावरची ही गोष्ट आहे. आमच्या कार्यालयात हा विषय फॉर्मपुरता राहिला नाही, त्याला हेही कारण आहे.

वेळ खाणारी ती एक चूक

पेठ, सुरगाणा, हरसूलकडून मजुरांची टोळी येते. ती आणणारा मुकादम ओळखीचा असतो, वर्षानुवर्षांचा. छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी एकराच्या भावाने उक्ती ठरते, पॅकहाऊसचं काम हजेरीवर. महिनाअखेरीला तुम्ही टोळीची सगळी रक्कम एकदम मुकादमाच्या खात्यात टाकता आणि आम्हाला व्हॉट्सॲपवर निरोप येतो: "टोळी पेमेंट, ३२ माणसं." नावं नाहीत, कोणाचे किती दिवस भरले ते नाही, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती कापली ते नाही.

त्यानंतर त्या पैशांचं काय झालं, हे तुम्हाला माहीत नसतं आणि आम्हालाही नसतं. परदेशी खरेदीदाराचा ऑडिटर नेमकं तेवढंच विचारतो. मग धावपळ सुरू होते. मुकादम एक पगारपत्रक आणून देतो. त्यावर बत्तीस अंगठे, सगळे एकाच शाईचे, एकसारखेच दाबलेले, ओळीत बरोब्बर चौकटीच्या मधोमध. सुट्टी कोणाचीच नाही, खाडा कोणाचाच नाही, सगळ्यांचे सव्वीस दिवस. थंडीत, लेकराबाळांसह द्राक्षाच्या कामाला आलेल्या बत्तीस माणसांपैकी महिन्याभरात एकही आजारी पडलं नाही, यावर कोणताही ऑडिटर विश्वास ठेवत नाही. तो सरळ उठून पॅकिंगच्या टेबलाशी जातो आणि एखाद्या बाईला विचारतो, "ताई, मागच्या महिन्यात हातात किती मिळाले?"

असं मागाहून बनवलेलं हजेरीपत्रक आम्ही नोंदीला घेत नाही आणि स्वतः बनवूनही देत नाही. यावरून काही ग्राहक आमच्यावर रागावलेही आहेत. पण खोट्या हजेरीवर आमचा शिक्का बसला, तर आमच्या बाकी सगळ्या ग्राहकांच्या खऱ्या कागदांवरचा शिक्काही कवडीमोलाचा होतो. त्यांनी आम्हाला फी दिली आहे ती त्या शिक्क्याच्या किमतीची.

उचल द्या, पण हिशेब मजुराच्या हातात द्या

"उचल दिल्याशिवाय टोळी येतच नाही," असं सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. आगाऊ पैसे देणं हा गुन्हा नाही. पाऊस उघडायच्या सुमाराला घरात दाणे संपलेले असतात, तेव्हा ती रक्कम त्या कुटुंबाला लागतेच. गडबड हिशेबात होते.

समजा, एका जोडप्याने २०,००० रुपये उचल घेतली आणि दोघांच्या मजुरीतून दिवसाला ३०० रुपये कापायचं ठरलं. ६७ दिवसांत उचल फिटली पाहिजे. पण कापलेल्या पैशांची नोंद फक्त मुकादमाच्या वहीत असते. त्यात बाजाराच्या दिवशी दिलेली खर्ची मिळवली जाते, दवाखान्याचे पैसे मिळवले जातात, येण्याजाण्याचं गाडीभाडंही चढवलं जातं. हंगाम संपताना मुकादम सांगतो, "अजून नऊ हजार फिरतात, पुढच्या छाटणीला यावं लागेल." त्या जोडप्याला दुसरीकडे जास्त मजुरी मिळत असली तरी जाता येत नाही. कायद्याच्या भाषेत वेठबिगारी म्हणतात ती हीच, आणि ती तुमच्या बागेत, तुम्हाला न कळता, तुमच्याच पैशांतून उभी राहिलेली असते.

वेतन संहिता, म्हणजे मजुरीबद्दलचा नवा केंद्रीय कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. कामासाठी येण्याच्या प्रवासाकरता दिलेली आगाऊ रक्कम मजुरीतून कापता येत नाही. सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे. ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती शेवटी काम करवून घेणाऱ्यालाच द्यावी लागते, हे तत्त्व जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे मुकादमाने पैसे बुडवले तर तुम्ही तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल.

म्हणून आम्ही प्रत्येक मजुराला एक साधं कार्ड देतो. उचल किती, आज कापली किती, उरली किती. तीन रकाने, मोठ्या आकड्यांत. ते कार्ड मजुराकडेच राहतं. छापून आम्ही देतो, वार्षिक करार असलेल्या ग्राहकांना त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

मजुरी ज्याची त्याच्या खात्यात

"त्यांची खाती नसतात हो," हे आम्ही नेहमी ऐकतो. बहुतेकांची जनधन खाती असतात, फक्त पासबुक मुकादमाकडे असतं. एकाच्या पिशवीत आम्ही रबर लावलेला पासबुकांचा गठ्ठा पाहिला आहे, प्रत्येक पासबुकात एटीएम कार्ड खोचलेलं आणि मागच्या पानावर पेनने पिन लिहिलेला. "हरवतात म्हणून सांभाळून ठेवलीत," असं तो म्हणाला. हेतू चांगला असेलही, पण पैसे काढण्याची सगळी सूत्रं दुसऱ्याच्या हातात असतील, तर खातं त्या मजुराचं राहिलं कुठे? ज्यांचं खातं खरोखरच नाही, त्यांचं पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत उघडून घेता येतं. आमची माणसं त्यासाठी पॅकहाऊसवर येतात.

आधार कार्डाचंही तेच. झेरॉक्स घ्या, मूळ कार्ड त्याच वेळी परत करा. कारखान्यांमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांची मूळ कागदपत्रं लेबर सप्लायर ठेवून घेतो आणि गेटवर कोणाला त्याची खबरही नसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत. ओळखपत्रं अडकवणं, मजुरी रोखून ठेवणं आणि कर्जात बांधणं या त्यांतल्याच तीन. ऑडिटर याच तिन्हींपासून सुरुवात करतो.

मुलांबद्दल एकच सांगायचं. चौदा वर्षांखालचं मूल कामावर नको, आईच्या मदतीलासुद्धा नको. सावलीची जागा आणि सांभाळायला एक बाई एवढी सोय केलीत तर मूल बागेत येत नाही.

आम्ही स्वतः काय करतो

हा प्रश्न आम्हाला कमी ग्राहक विचारतात, पण उत्तर द्यायला हवं. आमच्याकडे नोकरीला लागणाऱ्या मुला-मुलींची मूळ मार्कशीट आम्ही ठेवून घेत नाही आणि "दोन वर्षं सोडणार नाही" असा बाँडही लिहून घेत नाही. कार्यालयाची साफसफाई आणि रात्रीचा वॉचमन एजन्सीमार्फत आहेत. त्या एजन्सीकडून आम्ही दर महिन्याला पगार जमा झाल्याचे पुरावे आणि पीएफचं चलन घेतो, मगच बिल देतो. कोणत्याही लेबर सप्लायरकडून आमचा माणूस कमिशन घेत नाही. तुम्हाला आम्ही सप्लायर सुचवला, तर त्यात आमचा एक रुपयाही नसतो.

कामाच्या ठिकाणी आल्यावर आमची माणसं मजुरांशी मुकादमाला बाजूला ठेवून बोलतात. यावर मालकांची कुरकुर असते, "मुकादम नाराज होतो." नाराजी आम्हाला समजते, पण ज्याच्याविषयी विचारायचं त्याच्याच समोर कोण खरं बोलेल? सुरगाण्याकडच्या बायकांशी बोलायला आमच्याकडची एक सहकारी जाते, ती त्यांच्याच भागातली आहे आणि तिकडची कोकणा बोली बोलते. कागदावर कुठेच न दिसलेली गोष्ट तिला चहाच्या सुट्टीत कळते.

काही वाकडं सापडलं, तर आम्ही आधी तुमच्याशीच बोलतो. मूळ कागद त्याच दिवशी परत, थकलेली मजुरी ठरलेल्या तारखेच्या आत, आणि मुकादमाशी नवा लेखी करार, हे सगळं आम्ही सोबत बसून करून देतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर सुटतं. पण माणसांना डांबून ठेवलं असेल, मारहाण होत असेल किंवा मुलं राबत असतील, तर आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या दक्षता समितीला कळवतो, मुलांसाठी १०९८ वर फोन करतो. आमच्या करारपत्रात हे कलम आहे. "तुम्ही आमचे सल्लागार की सरकारचे?" असं एका ग्राहकाने रागाने विचारलं होतं. आम्ही त्यांचेच सल्लागार आहोत, आणि ज्या गोष्टीने त्यांना तुरुंगवास होऊ शकतो ती झाकून ठेवायला आम्ही कधीच मदत करणार नाही. हे कलम मान्य नसेल तर आम्ही काम घेत नाही.

आता करायचं ते

ऑक्टोबर छाटणीची टोळी ठरवण्याआधी, शक्यतो पोळ्याच्या आसपास, मुकादमाला घेऊन कार्यालयात या. येताना त्याच्या टोळीतल्या माणसांची नावं, गावं, वयं आणि खाते क्रमांक आणा. मागच्या हंगामाची उचलीची वही असेल तर तीही आणा. करार मराठीत तिथेच लिहून होईल, मुकादमाला तो वाचून दाखवला जाईल आणि उचलीची कार्डं त्याच दिवशी नेता येतील. या पहिल्या बैठकीची फी आम्ही घेत नाही, नवीन ग्राहकांकडूनही नाही. डिसेंबरनंतर येणाऱ्यांची कामं आम्ही घेतो, पण तेव्हा टोळी बागेत पसरलेली असते आणि प्रत्येक नाव शोधायला माणूस पाठवावा लागतो. त्याचं वेगळं बिल येतं आणि फॉर्मला पंधरा दिवस लागतात.