सहसंगोपन (प्राणी व मानव)

जन्मदात्यांखेरीज इतरांनी, म्हणजे थोरली भावंडे, आजी, मावश्या किंवा नात्यात नसलेले सोबती यांनी, पिल्लू वाढवण्यास हातभार लावणे म्हणजे सहसंगोपन. सस्तन प्राण्यांत ही रीत विरळाच. बहुतेक जातींत सारा भार आईवर पडतो. जिथे बापही पिल्लांकडे पाहतो अशा जाती जेमतेम ५ ते १० टक्के भरतात. पक्ष्यांत मात्र नर-मादी मिळून पिल्ले वाढवणे हाच नियम. अंडे नरालाही उबवता येते, दूध पाजता येत नाही. फरकाचे एक मोठे कारण हेच.

माणसाचे कोडे पाळण्यांच्या अंतरात आहे. ओरांगउटान मादीच्या दोन पिल्लांत साधारण ७-८ वर्षांचे अंतर असते, चिंपांझीच्या ५-६ वर्षांचे. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या मानवी समूहांत हेच अंतर ३-४ वर्षांवर येते. आणि मूल तर स्वतःचे पोट भरायला या कपींच्या पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त वर्षे घेते! पहिले अंगावेगळे होण्याआधी दुसरे कडेवर, हे गणित एकट्या आईला सुटणारे नाही. सारा ब्लॅफर हर्डी या मानवशास्त्रज्ञ बाईंनी २००९ मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. त्यांचे सुरुवातीचे काम राजस्थानातील माउंट अबूच्या वानरांवर होते. वानरीण नवजात पिल्लू कळपातल्या इतर माद्यांना बिनदिक्कत घेऊ देते. चिंपांझी आई कित्येक महिने कुणाला हात लावू देत नाही. त्याच वानरांत बाहेरून आलेला नर तान्ही पिल्ले मारतो, हेही हर्डींनीच नोंदवले. प्राण्यांकडून संगोपनाचे धडे घ्यायला निघालेले लोक हे उदाहरण सहसा गाळतात.

माणसाशी खरे साम्य दूरच्या नातलगांत सापडते. दक्षिण अमेरिकेतील मार्मोसेट आणि टॅमरिन माकडांना बहुधा जुळी होतात. बाप आणि थोरली भावंडे ती पाठीवर वागवतात, पुढे आपल्या हातचा घासही देतात. मदतीला कुणी नसेल तर टॅमरिन आई पिल्ले टाकून देण्याची शक्यता वाढते, असे बंदिस्त गटांत दिसले आहे. आईची माया आजूबाजूच्या हातांवरही अवलंबून असते, असा याचा अर्थ लावला जातो.

मग ‘मातृत्वाची उपजत प्रेरणा’ म्हणतात ती कुठे राहते? प्राणिवर्तनाचे अभ्यासक जे रोझेनब्लॅट यांनी १९६७ मध्ये कधीच न व्यालेल्या उंदरिणी आणि नर उंदीर पिल्लांसोबत ठेवले. साधारण आठवडाभराच्या सहवासानंतर तेही पिल्ले गोळा करून चाटू लागले. व्यालेली मादी हे तत्काळ करते, कारण गरोदरपणाच्या संप्रेरकांनी तिची तयारी आधीच झालेली असते. इतरांना वेळ लागतो, एवढेच. माणसांतही याच्याशी जुळणारे काही आढळते. फिलिपाइन्समधील ६२४ पुरुषांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक लक्षणीय घटले होते, आणि मुलांसाठी रोज तीन तासांहून अधिक वेळ देणाऱ्यांत ते आणखी कमी होते.

मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांचा १९५८ चा प्रयोग नेहमी आईच्या बाजूने सांगितला जातो: माकडाचे पोर दूध देणारी तारेची ‘आई’ सोडून कापडाच्या ‘आई’ला बिलगले. पण ते कापड होते, आई नव्हे. पुढे हार्लो यांच्याच प्रयोगशाळेत आईविना पण समवयस्कांसोबत वाढवलेली पोरे एकटी कोंडलेल्यांपेक्षा बरीच सावरलेली निघाली.

आजीचा प्रश्न वेगळा. पाळी थांबल्यावरही दीर्घकाळ जगणाऱ्या जाती अगदी मोजक्या. त्यांत माणूस, ओर्का आणि आणखी काही दातवाले देवमासे येतात. टांझानियातील हाड्झा समूहात वयस्क बायका कष्टाने कंद उकरून नातवंडांना पोसतात, या मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांच्या निरीक्षणातून ‘आजी गृहीतक’ पुढे आले: नातवंडांना होणाऱ्या अशा मदतीमुळेच पाळीनंतरचे दीर्घ आयुष्य उत्क्रांतीत टिकले असावे. त्यावरचा वाद मिटलेला नाही.

माणसांतही एकच साचा नाही. मध्य आफ्रिकेतील आका समूहात बाप दिवसाचा जवळपास निम्मा वेळ तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतो. काँगोच्या जंगलातील एफे समूहात बाळ दिवसभर अनेकांच्या कडेवरून फिरते, आणि आईखेरीज इतर बायकाही त्याला अंगावर पाजतात.