नाव डॉलंडचं, भिंग कुणाचं?

जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींत किंवा मुंबईच्या चोरबाजारात एक पितळी दुर्बीण हमखास भेटते. नळीवर ठसठशीत कोरलेलं असतं : 'व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन, १९१५'. राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ साली! अशा दुर्बिणी आपल्याच देशात, रुडकीत, शोभेसाठी बनतात. त्यात वावगं काही नाही. एखाद्या जहाजाच्या कप्तानाच्या म्हणून त्या खपवणं वावगं. मात्र साल कोरलंय म्हणून दुर्बीण खोटीच असंही नव्हे. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी दुर्बिणींवर साल आणि बाणाची सरकारी खूण असते.

नावावर तर जाऊच नये. दुर्बिणी बनवणाऱ्या लंडनच्या डॉलंड घराण्याचा दबदबा एवढा होता की स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून त्यांच्या नावाचा माल विकला जाई. खरी ओळख पटते ती पुढच्या भिंगावरून.

भिंगातून जाताना निळा प्रकाश जास्त वळतो, तांबडा कमी. १ मीटर नाभीय अंतराच्या साध्या क्राउन काचेच्या (शिसं नसलेल्या काचेच्या) भिंगात या दोन रंगांच्या नाभी सुमारे १५ मिलिमीटर लांब पडतात. मग काळ्या कडेला जांभळी-पिवळी झालर दिसते. प्रकाश वळला की रंग फाकणारच, असं न्यूटनचं मत होतं. पण सगळ्या काचा रंग सारख्याच फाकवत नाहीत. काच रंग जितके कमी फाकवते तितका तिचा ॲबे अंक मोठा : क्राउनचा साधारण ६४, शिसं असलेल्या फ्लिंटचा ३६. फरक २८. आता ६४ भागिले २८, म्हणजे हव्या त्या शक्तीच्या २.२९ पट शक्तीचं क्राउनचं बहिर्वक्र भिंग घ्या आणि त्याला ३६ भागिले २८, म्हणजे १.२९ पट शक्तीचं फ्लिंटचं अंतर्वक्र भिंग जोडा. शक्तींची वजाबाकी १ उरते. रंगांची फाक मात्र २.२९/६४ उणे १.२९/३६, म्हणजे शून्य! शक्ती जितकी जास्त तितकं नाभीय अंतर कमी, म्हणून १ मीटरच्या जोडभिंगासाठी क्राउनचं नाभीय अंतर ४३७ मिलिमीटर, फ्लिंटचं उणे ७७८. मधल्या हिरव्या-पिवळ्या रंगाची अर्ध्या मिलिमीटरची चूक तरीही उरतेच, पण डोळा ती चालवून घेतो.

ही युक्ती १७३०च्या सुमारास चेस्टर मूर हॉल या वकिलाला सुचली. गुपित फुटू नये म्हणून त्यानं दोन भिंगं दोन वेगळ्या कारागिरांना घडवायला दिली. दोघांनीही ते काम जॉर्ज बास या एकाच माणसाकडे सोपवलं. पेटंट मिळालं जॉन डॉलंडला, १७५८ साली. त्याच्या मुलानं, पीटरनं, त्या जोरावर इतर दुर्बीणकारांना कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला. शोध पेटीत ठेवणाऱ्यापेक्षा तो लोकांपुढे आणणाऱ्याचा हक्क मोठा, असा निकालाचा रोख होता.

आता तपासणी. पुढच्या भिंगाची कडी आटे फिरवून नळीपासून सोडवा, म्हणजे नेत्रिकेतली (डोळ्याकडच्या टोकाची) भिंगं घोळ घालणार नाहीत. मग भिंगात दिव्याचं प्रतिबिंब पाहा. दोनच प्रतिबिंबं म्हणजे एकेरी भिंग. चार म्हणजे मध्ये हवा असलेलं जोडभिंग. दोन ठळक आणि एक अगदी पुसट म्हणजे चिकटवलेलं जोडभिंग. डॉलंडच्या नावाखाली एकेरी भिंग निघालं तर सौदा सोडा. पण जोडभिंग निघालं म्हणजे दुर्बीण अस्सलच, असं नाही. जोडभिंग आजही सहज मिळतं. उलट १७५८च्या आधीच्या अस्सल दुर्बिणीत भिंग बहुधा एकेरीच असायचं. आणि जुनं तांबं-पितळ तांदूळ ओढतं म्हणून लाखो मोजायला लावणारे 'राइस पुलर'वाले भेटले, तर थेट पोलिसांत जा.

भिंगं पुसायला सुटी करायची असतील तर आधी दोन्हींच्या कडेवर मिळून पेन्सिलीनं इंग्रजी व्हीसारखी खूण करा. एक जरी उलटं बसलं किंवा फिरलं, तरी चित्र मऊ पडतं. नळीला ब्रासो लावू नका. पितळेवरचा मूळ लाखेचा थर त्यानं निघून जातो आणि त्याबरोबर निम्मी किंमतही.