शरीरसौष्ठवासाठी प्रथिने व कर्बोदके

स्नायू वाढवण्यासाठी वजनांचा व्यायाम करणाऱ्याने रोज किती प्रथिने आणि किती कर्बोदके घ्यावीत, हा शरीरसौष्ठवाच्या आहारातला पहिला प्रश्न. साधारण उत्तर असे : दर किलो शरीरवजनामागे प्रथिने १.६ ते २.२ ग्रॅम आणि कर्बोदके ४ ते ७ ग्रॅम. यातला प्रथिनांचा आकडा बराच पक्का आहे. कर्बोदकांचा आकडा व्यायामाच्या मात्रेनुसार आणि दिवसाच्या एकूण उष्मांकांनुसार खालीवर होतो. व्यवहारात मात्र प्रथिनांचा हिशेब चोख ठेवला जातो आणि कर्बोदकांना नको तिथे कात्री लागते. वजन वाढत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे दुखणे हेच असते.

प्रथिने : स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो आणि उरलेल्यातला बहुतेक प्रथिनांचा. ही प्रथिने सतत मोडत असतात आणि नव्याने बनत असतात. वजनांच्या व्यायामाने नव्या बांधणीचा वेग वाढतो आणि तो परिणाम २४ तासांहून अधिक काळ टिकतो. पण पोटात काही नसेल तर व्यायामानंतरही मोड बांधणीपेक्षा जास्तच राहते. म्हणून व्यायाम आणि प्रथिने या दोन्हींची सांगड लागते.

सर्वसाधारण प्रौढासाठी सांगितले जाणारे ०.८ ग्रॅमचे प्रमाण कमतरता टाळण्यापुरते आहे. स्नायू वाढवू पाहणाऱ्याला ते अपुरे पडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात ४९ अभ्यासांतील १,८६३ जणांची माहिती एकत्र केली होती. त्यात दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमनंतर प्रथिने वाढवून सरासरीने जास्त फायदा दिसला नाही. मात्र अंदाजाची वरची कड २.२ ग्रॅमपर्यंत जात होती. १.६ ते २.२ ही रूढ मर्यादा तिथून आली. मूत्रपिंडे निरोगी असतील तर त्याहून थोडे जास्त घेतल्याने अपाय होतो असे दिसलेले नाही; पण ताटातली कर्बोदकांची जागा जाते आणि पोट लवकर भरते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

अंगावर चरबी जास्त असेल तर हा गुणाकार फसवा ठरतो. १२० किलो वजनाच्या स्थूल माणसाला १.८ ने गुणून २१६ ग्रॅम खाण्याची गरज नाही. त्याचे गाठायचे वजन ९० किलो असेल तर ९० × १.८ म्हणजे १६२ ग्रॅम पुरतात. याउलट स्पर्धेआधी कटिंग, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी कमी खाणे, करणाऱ्याला उष्मांक कमी असताना स्नायू टिकवायचे असतात. त्याची गरज वाढते : मेद वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे २.३ ते ३.१ ग्रॅम.

दिवसाची बेरीज सर्वांत महत्त्वाची, विभागणी त्यानंतरची. एका जेवणात दर किलोमागे ०.४ ग्रॅम, अशी चार जेवणे केली की १.६ चा आकडा आपोआप भरतो. एका वेळी ल्यूसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) साधारण २ ते ३ ग्रॅम मिळाले की बांधणीला चांगली चालना मिळते. दुधाच्या निवळीतून मिळणाऱ्या व्हे प्रथिनात ल्यूसिन सुमारे दहा-अकरा टक्के असते, सोयात आठच्या आसपास. त्यामुळे वनस्पतिजन्य प्रथिनांवर राहणाऱ्याने प्रत्येक जेवणातले माप थोडे वाढवावे आणि धान्याबरोबर डाळ-कडधान्य ठेवावे. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, कडधान्यात मेथिओनिन. एकाची उणीव दुसरे भरून काढते. व्यायाम संपताच अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा, ही समजूत टिकलेली नाही. व्यायामाआधी दोन-तीन तासांत नीट जेवण झाले असेल तर घाई करण्याचे कारण उरत नाही.

पावडरीबद्दल एक सावधगिरी. डब्यावरचा प्रथिनांचा आकडा बहुधा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. पावडरीत ग्लायसिन, टॉरिन किंवा क्रिएटिन अशी नायट्रोजन असलेली द्रव्ये मिसळली तरी नायट्रोजन वाढतो आणि आकडा फुगतो, स्नायूला मात्र त्याचा तेवढा उपयोग नसतो. घटकांच्या यादीत ही नावे वरच्या क्रमाने दिसली तर तो डबा घेऊ नये.

कर्बोदके : जोरकस सेटमध्ये (न थांबता सलग केलेल्या आवर्तनांत) स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली कर्बोदके, जाळतात. स्नायूंमध्ये त्याचा साठा साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. वजनांच्या एका सत्रात वापरलेल्या स्नायूतला सुमारे २४ ते ४० टक्के साठा संपू शकतो. प्रथिने पुरेशी असतील तर कर्बोदके थेट बांधणीचा वेग वाढवत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवे. त्यांचे काम वेगळे आहे : शेवटच्या सेटपर्यंत ताकद टिकवणे आणि वाढीसाठी लागणारे जादा उष्मांक पुरवणे. एका सत्रात एका स्नायूगटाचे दहाच्या आत सेट करणाऱ्याला ३ ते ४ ग्रॅमही पुरतात. आठवड्यातून पाच-सहा दिवस लांब सत्रे करणाऱ्याला ५ ते ७ लागतात. दिवसातून दोनदा व्यायाम असेल तर पहिल्या सत्रानंतर काही तास दर तासाला दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम घेतल्यास साठा लवकर भरतो. एकदाच व्यायाम असेल तर दिवसभराच्या जेवणांतून तो सावकाश भरतो.

व्यायामाच्या तोंडावर चोथा आणि मेद जास्त असलेले जेवण टाळावे. स्क्वॉट करताना पोट जड राहते आणि मळमळ होते.

हिशेब : आधी उष्मांक, मग प्रथिने, मग मेद, आणि उरतील ती कर्बोदके, असा क्रम ठेवावा. समजा वजन ८० किलो आहे आणि २,७०० उष्मांकांवर ते स्थिर राहते. वाढीसाठी त्यात ३०० मिळवले की झाले ३,०००. प्रथिने ८० × १.८ म्हणजे १४४ ग्रॅम, ग्रॅमला ४ प्रमाणे त्यांचे ५७६ उष्मांक. मेद ८० × ०.९ म्हणजे ७२ ग्रॅम, ग्रॅमला ९ प्रमाणे त्याचे ६४८. उरले १,७७६. कर्बोदकांच्याही एका ग्रॅमला ४ उष्मांक, म्हणून चाराने भागले की ४४४ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे दर किलोमागे साडेपाच ग्रॅमच्या आसपास. याच माणसाने हौसेने प्रथिने २४० ग्रॅमवर नेली आणि उष्मांक तेवढेच ठेवले, तर कर्बोदके ३४८ ग्रॅमवर येतात. स्नायूला त्यातून जास्तीचे काही मिळत नाही, सेट मात्र जड जाऊ लागतात.

सर्वांत मोठी चूक तराजूवर होते : कच्चे आणि शिजलेले यांची गल्लत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८. २५० ग्रॅम भात ताटात वाढून वहीत कच्च्या तांदळाचा आकडा टिपला, की नोंद होते १९५ ग्रॅमची आणि पोटात जातात ७०. एका जेवणात ५०० उष्मांकांची तूट! वरच्या उदाहरणातले जादा ३०० उष्मांक इथेच गिळले जातात आणि कागदावर बल्किंग (वजन वाढवण्यासाठी जास्त खाणे) चालू असताना वजन हलत नाही. चिकनमध्ये उलटे घडते. शिजताना पाणी निघून जाते, म्हणून १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २२-२३ ग्रॅम प्रथिने, तर शिजलेल्यात ३१ च्या आसपास. शिजलेल्याचा आकडा १५० ग्रॅम कच्च्या तुकड्याला लावला तर वहीत बारा-तेरा ग्रॅम जास्त चढतात. वजन कच्च्याचेच करावे, तक्ताही कच्च्याचाच वापरावा, म्हणजे घोळ होत नाही.

वजन रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी करून सात दिवसांची सरासरी काढावी. आठवड्याला शरीरवजनाच्या ०.२५ ते ०.५ टक्के वाढ योग्य, म्हणजे ८० किलोच्या माणसाला २०० ते ४०० ग्रॅम. अनेक वर्षे व्यायाम केलेल्याने खालच्या आकड्यावरच राहावे. कर्बोदके एकदम वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात काटा किलो-दीड किलो वर जाऊ शकतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते, त्याचे ते वजन. ते पाहून घाबरून जेवण कमी करू नये. तुलना दुसऱ्या आठवड्यापासून सुरू करावी. दोन आठवडे सरासरी जागची हलली नाही तर प्रथिने तशीच ठेवून रोजची कर्बोदके ३० ते ५० ग्रॅमने वाढवावीत. सरासरी ठरवल्यापेक्षा वेगाने चढत असेल आणि कमरेचा घेरही वाढत असेल, तर तेवढीच उतरवावीत.