पुढारपण (कोल्हापूर परंपरा)

लोकांना बरोबर घेऊन काम तडीस नेण्याची पात्रता, असा या संज्ञेचा कोल्हापूर परिसरातील अर्थ. पात्रता अंगी येण्याआधीच मानाची जागा धरू पाहणारा तो ‘गुडघ्याला बाशिंग बांधलेला’. ‘नेतृत्व’ हा शब्द व्याख्यानांत येतो. पेठांत आणि खेड्यांत पुढारी, कारभारी, वस्ताद हेच शब्द चालतात. ‘पुढारी’ या शब्दाला आज थोडा उपहासाचा वास येतो. स्वातंत्र्यपूर्व काळात कोल्हापुरातील एका वृत्तपत्राने तेच नाव धारण केले, त्या अर्थी तेव्हा तो मानाचा असला पाहिजे.

या विषयाला स्पर्श करणारा महत्त्वाचा जुना स्थानिक ग्रंथ म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचे आज्ञापत्र. करवीरच्या (कोल्हापूरच्या) संभाजी छत्रपतींच्या (राजारामपुत्र; शिवाजी महाराजांचे पुत्र संभाजी नव्हेत) नावे निघालेल्या या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. १७१५–१६ धरतात. तो बराच उत्तरकालीन असावा, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आहे. तथापि वतनदार, किल्ले आणि आरमार यांविषयीचे त्यातील बारकावे कारभार स्वतः हाकलेल्या माणसाचे वाटतात. त्यामुळे रूढ काळच अधिक सयुक्तिक ठरतो. वतनदाराचे त्यातील चित्र अतिमहत्त्वाकांक्षी माणसाचेच आहे: असलेल्यावर समाधान नाही, शेजाऱ्याचे घ्यावे, बळकट व्हावे, आणि परचक्र आले की वतनाच्या लोभाने आधी शत्रूला जाऊन मिळावे. त्याच ग्रंथात आरमाराच्या लाकडाविषयी ताकीद आहे. रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. राज्याच्या आकांक्षेला घातलेली इतकी नेमकी मर्यादा मराठी राजनीतीत क्वचितच आढळते.

ग्रंथकाराचे चरित्रही येथे विचारात घ्यावे लागते. राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीकडे गेले, तेव्हा महाराष्ट्रातील कारभार ‘हुकुमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंतांकडे होता. छत्रपती दूर, मुलूख मोगलांनी व्यापलेला. सत्ता बळकावण्यास सोयीची वेळ होती. त्यांनी राज्य राखले. मात्र १७१४ मध्ये ताराबाई व त्यांचे पुत्र शिवाजी यांना कैद करून संभाजींना पन्हाळ्यावर गादीवर बसवले गेले, त्यात पंतांचा हात होता असे बहुतेक इतिहासकार मानतात. किती होता, याविषयी एकमत नाही.

ताराबाईंना महत्त्वाकांक्षी ठरवण्याची रीत जुन्या इतिहासग्रंथांत दिसते. तिचा आधार मुख्यतः १७०७ नंतरचा साताऱ्याच्या छत्रपती शाहूंशी झालेला संघर्ष आणि १७५० मध्ये साताऱ्यास त्यांचे वारस रामराजा यांना कैद केल्याचा प्रसंग. परंतु १७०० ते १७०७ या काळात औरंगजेबासमोर मराठी फौजा उभ्या ठेवण्याचे काम त्यांनी केले; ते वगळून केलेला निवाडा अपुरा आहे. एकाच व्यक्तीत सामर्थ्य आणि हट्ट दोन्ही नांदू शकतात.

राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) या कल्पनेला वेगळे वळण दिले. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज गाडी थांबवून तेथे चहा घेत आणि बरोबरच्यांनाही देत. मार्च १९२० च्या, माणगाव येथील अस्पृश्यांच्या परिषदेत, अस्पृश्यांना आता त्यांचा स्वतःचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे उद्गार काढून त्यांनी डॉ. आंबेडकरांना पुढे केले. गादीवरचा माणूस दुसऱ्याचे पुढारपण जाहीर करतो, ही घटना सत्तेच्या इतिहासात दुर्मीळ आहे आणि प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची.

तालमीत हाच विवेक वस्तादाकडे असतो. पहाटे हौद्यात (कुस्तीच्या मातीत) पठ्ठ्यांकडून मेहनत करून घेणारा वस्ताद मैदानात ‘जोड’ लावताना, म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी हे ठरवताना, मात्र हात आखडता घेतो. पोराचा दम अजून कच्चा असेल, तर मोठ्या इनामाची कुस्तीही नाकारतो.

सहकारात देशभक्त रत्नाप्पा कुंभार (पंचगंगा साखर कारखाना) आणि तात्यासाहेब कोरे (वारणा) ही नावे प्रथम घेतली जातात. ऊस, दूध, पतपेढी यांच्या संस्थांतूनच पुढचे राजकारण घडल्याने संचालकपद हीच पुढारपणाची पहिली पायरी झाली. सतरंज्या उचलत वर आलेला कार्यकर्ता आणि थेट खुर्चीत बसलेला वारस यांच्यातला भेद गावकरी बारकाईने पाहतात. वार्षिक सभेत तो उघडा पडतो. एकीकडे सभासदाच्या प्रश्नाला ताळेबंदातला आकडा काढून उत्तर देणारा अध्यक्ष असतो. दुसरीकडे पुढच्या रांगेत आपली माणसे बसवून, प्रश्न पुरा होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठवणारा.