पिंजरा कुठून आला, आणि पिंजऱ्याबाहेर काय उरले

अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीचा पिंजरा आज क्रूरतेची खूण मानला जातो. सुरुवातीला मात्र तो रोगावरचा उपाय होता. विसाव्या शतकाच्या आरंभी थंड मुलखात हिवाळाभर कोंबड्या आत कोंडल्या की ऊन न मिळाल्याने त्यांना मुडदूस होई, पाय वाकत. १९२०च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा उलगडा झाला, खाद्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळले जाऊ लागले आणि वर्षभर छपराखाली पक्षी ठेवणे जमू लागले. कळप वाढले तशी दुसरी अडचण उभी राहिली. जमिनीवर साचलेल्या विष्ठेतून जंत आणि रक्ती हगवण पसरू लागली. तारेच्या जाळीवर पक्षी ठेवला तर विष्ठा खाली पडते, अंडे उतारावरून घरंगळत पुढे येते आणि कोणती कोंबडी अंडी देत नाही हेही लगेच कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत झपाट्याने पसरली. पिंजऱ्याची बाजू घेणारे आजही रोगाचा हाच मुद्दा मांडतात, आणि त्यात तथ्य आहे.

त्याच काळात पक्षीही बदलत गेला. कोंबडीचा मूळ पूर्वज, लाल रानकोंबडा. त्याची मादी वर्षाकाठी फार तर दहा-पंधरा अंडी घालते. निवड पद्धतीने वाढवलेली आजची लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, तीनशेच्या वर जाते. प्रत्येक कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाद्यातून ते पुरले नाही की हाडांतून ओढले जाते. पिंजऱ्यावर जेवढे बोलले गेले तेवढे या उत्पादनक्षमतेवर बोलले गेले नाही, ही या इतिहासातली मोठी उणीव आहे असे मला वाटते.

सार्वजनिक चर्चेला तोंड फुटले ते ब्रिटनमध्ये. १९६४ साली रूथ हॅरिसन यांचे ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक आले. त्याला प्रस्तावना ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिणाऱ्या रेचल कार्सन यांची होती. लोकक्षोभ इतका उसळला की सरकारला प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९६५च्या अहवालात समितीने म्हटले की जनावराला उभे राहता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. मागणी एवढीच, पण तीही तेव्हाच्या पिंजऱ्यांत भागत नव्हती. १९७९मध्ये स्थापन झालेल्या शेती-पशुकल्याण परिषदेने पुढे यातूनच ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली: भूक-तहान, गैरसोय, दुखणे-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक.

ब्रॅम्बेल समितीने आणखी एक शिफारस केली होती. बारीक षटकोनी जाळी पायांना त्रास देते, म्हणून ती वापरू नये. १९७३मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच जाळ्या निवडायला दिल्या, तर त्यांनी नेमकी तीच बारीक जाळी पसंत केली. सद्भावनेने केलेला अंदाजही चुकू शकतो हे यातून दिसले आणि प्राण्याला काय हवे हे त्याच्याच वागण्यातून तपासण्याचे शास्त्र पुढे सरकले. धूळस्नान हे त्यातले बोलके उदाहरण. कोंबडी पायांनी आणि चोचीने भुसभुशीत माती उकरते, कुशीवर कलंडते, पंखांनी धूळ पिसांत घुसळते, मग उठून अंग झाडते. पिसांवरचे शिळे तेल त्याने निघते. पिंजऱ्यात कणभर माती नसली तरी ती नुसत्या तारेवर हेच सगळे करते. गरज किती खोल आहे हे सांगायला एवढे पुरे.

कायदा सावकाश हलला. युरोपात १९८८पासून नव्या पिंजऱ्यांत प्रत्येक कोंबडीला किमान ४५० चौरस सेंटिमीटर जागा बंधनकारक झाली. छपाईचा ए-फोर कागद याहून मोठा असतो. १९८९मध्ये प्राणिवर्तनाच्या अभ्यासक मॅरियन डॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने मोजले, तेव्हा नुसते उभे राहायलाच सरासरी ४७५, वळायला सुमारे १,२७० आणि पंख फडफडवायला जवळपास १,८८० चौरस सेंटिमीटर लागत होते. युरोपीय संघाच्या १९९९च्या निर्देशाने साधे पिंजरे १ जानेवारी २०१२पासून बंद केले. घरटे, दांडी आणि ७५० चौरस सेंटिमीटर असलेले ‘समृद्ध’ पिंजरे मात्र चालू राहिले. तेही जावेत म्हणून सुमारे १४ लाख युरोपीय नागरिकांनी सह्या केल्या. युरोपीय आयोगाने २०२१मध्ये प्रस्तावाचे आश्वासन दिले, पण ठरल्याप्रमाणे २०२३पर्यंत तो आला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१८च्या मतदानात पिंजऱ्यातली अंडी विकायलाच बंदी घातली.

पिंजरा गेला की सगळे सुटते असे नाही. मोठ्या मोकळ्या कळपात एकमेकींची पिसे उपटण्याचे प्रमाण वाढते, म्हणून पिल्लांच्या चोची छाटल्या जातात. बहुमजली शेडमध्ये उडताना धडकून, पडून छातीचे हाड मोडते. कित्येक कळपांत निम्म्याहून अधिक कोंबड्यांत हा अस्थिभंग आढळतो. हे हाड पूर्ण टणक होण्याआधीच, अठराव्या-विसाव्या आठवड्यात, कोंबडी अंडी देऊ लागलेली असते. अंडी न देणारी नर पिल्ले जन्मताच मारण्यावर जर्मनीने २०२२पासून बंदी आणली. अंड्यातच लिंग ओळखण्याचे तंत्र त्यामुळे वेगाने पुढे आले.

पर्यावरणाचा विचार या सगळ्यापासून वेगळ्या वाटेने आला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६मध्ये हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १८ टक्के मांडला, २०१३मध्ये १४.५ टक्के. अंड्यांच्या बाबतीत या भाराचा सर्वांत मोठा हिस्सा खाद्याचा: मका, सोयाबीन आणि त्यासाठी लागणारी जमीन. पिंजऱ्यातली कोंबडी कमी हालते, म्हणून दर किलो अंड्यामागे कमी खाते, आणि हिशेब तिच्या बाजूने झुकतो. पण या हिशेबात मोडलेल्या हाडाला रकानाच नाही, आणि एकूण किती अंडी खायची हेही त्यात विचारले जात नाही. तो अपुरा आहे.

सध्या पैदास कंपन्या शंभर आठवड्यांत पाचशे अंडी देणारी लेअर घडवत आहेत. कोंबडी जास्त काळ टिकली की तिच्या जागी कमी तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) वाढवाव्या लागतात आणि तेवढे खाद्य वाचते. मात्र त्या वाढीव महिन्यांत तिची हाडे किती धड राहतात, हे त्याच कळपांत अंड्यांइतक्याच काटेकोरपणे मोजायला हवे.